एका पानाला अठ्ठावीस ब्लॉक

सुहासिनीबाईंना उंबराची किळस होती आणि रामरावांना सुहासिनीबाईंच्या किळसेची.

दोघंही रोज सकाळी दत्ताच्या देवळात यायची. मराठी वस्तीतलं जुनं देऊळ, पुढे वेडंवाकडं मातीचं अंगण, कोपऱ्यात विहीर आणि मधोमध उंबर. उन्हाळा चढला की उंबरं पिकून टपाटप पडत, फुटत, त्यांच्यातून बारीक चिलटं उठत आणि अंगणभर आंबलेल्या गुळासारखा वास सुटे. सुहासिनीबाई पदर नाकाला लावून, टाचा उचलून, बगळा चिखलातून चालतो तशा देवापर्यंत जायच्या.

"अजी रामराव, पायाला किडे चिकटून राहिले. देवळात येऊन राहिलो का कचऱ्यात?"

"उंबरात किडे नाही तर काय पेढे निघतील, बाई?"

"तुम्हाला तर कशाचं काही वाटतच नाही."

वाटत होतं. पण ते वेगळंच होतं. सुहासिनीबाई त्याच उंबराला प्रदक्षिणा घालत, डोळे मिटून हात जोडत आणि मग पर्समधून बाटली काढून तेच हात सॅनिटायझरनं खसखसा चोळत. ते पाहिलं की रामराव तोंड फिरवायचे. मनात म्हणायचे, देवाच्या पाया पडून हात धुणारी जात या जबलपुरात आत्ताच निपजली.

रामराव वर्ध्याकडचे. इथल्या फॅक्टरीत लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बायको शकु हयात असेपर्यंत रोज पहाटे विहिरीची बादली उंबराच्या आळ्यात ओतायची. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "मी नाही राहिली तर झाडाले पाणी घालत जा. विसराल तर पाहा, तुमच्या चहात मीठ पडन." तेव्हा रामराव हसले होते. आता ते रोज बादली ओढत होते. आळ्यात पाणी पडलं की आधी ते थांबायचं, मग बुडबुड करून खाली जायचं. तेवढ्या वेळात ते शकुला कालची हकीगत सांगून टाकत. घरी गेल्यावर दिवसभर फक्त टीव्ही बोलायचा.

त्या वर्षी कमिटीनं ठरवलं की अंगणात पेवर ब्लॉक बसवायचे. कमिटी म्हणजे खरं तर विनय. बँकेत नोकरी, कमरेला दोन फोन, देवळाचा सचिव. ब्लॉक देणार होते आलोकभैया. त्यांचं सदर बाजारात फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि दिलेलं दान लोकांना दिसलंच पाहिजे, असा त्यांचा धर्म होता.

"एकदा पेवर लागले ना काका, झाडू मारला की साफ," विनय म्हणाला. "मग बड्डे म्हणा, साखरपुडा म्हणा, बफे लावायला जागा तयार."

बफे म्हटलं की रामरावांचं तोंड कडू व्हायचं. दत्त जयंतीची पंगत त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं सांभाळली होती. कोणाचं पान कुठे, वाढपी कुठून शिरणार, आमटी आधी की भात, सगळं त्यांच्या हुकमानं चाले. मग ती साथ आली, पंगत बंद पडली आणि साथ गेली तरी पंगत आली नाही. आता लोक हातात ताटली घेऊन उभ्यानं खात, एकमेकांच्या पाठीला भाजीचे डाग लावत, आणि उष्टं टोपलीत न टाकता विहिरीच्या कठड्यावर ठेवून जात. गोठ्यातली ढोरं तरी आपल्या गव्हाणीतच खातात, असं रामराव म्हणायचे.

ब्लॉकचा ठेकेदार पनागरहून आला. त्यानं अंगण पाहिलं आणि डोकं खाजवलं. एका अंगाला देवळाचा ओटा पुढे आलेला, दुसऱ्या अंगाला विहीर, तिसरीकडे शेजाऱ्यानं भिंत बांधताना ढुंगण सरकवावं तसं आत सरकून घेतलेलं.

"भैयाजी, ये तो समोसा है," तो म्हणाला. "बताइए, इसकी लंबाई कौन सी और चौड़ाई कौन सी?"

विनयनं फोन काढला. फोनमध्ये जमीन मोजायचं काहीतरी होतं. तो फोन समोर धरून अंगणाच्या कडेनं चालला. एक आकडा आला. पुन्हा चालला, तर दुसराच आला. तिसऱ्यांदा चालताना उंबरावर पाय पडून घसरला आणि सुहासिनीबाई म्हणाल्या, "बघा, मी सांगून राहिले नव्हते?"

मग कोणीतरी म्हणालं, "अरे, रामरावांना विचारा ना. अंगण त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

तिथे रामराव फुगले. माणूस म्हातारा झाला तरी फुगायचं विसरत नाही.

"मोजायचं कशाला?" ते म्हणाले. "अंगणात तीनशे पानं बसतात. साऱ्या वस्तीला ठाऊक आहे."

"पण काका, त्याचे ब्लॉक किती?"

रामरावांनी एक पत्रावळ मागवली. जमिनीवर मांडी घालून बसले, पत्रावळ पुढे ठेवली, तिच्यापुढे वाढप्याच्या पावलापुरती जागा सोडली. "आता माझ्या खालून आणि भोवतीनं तुझे ब्लॉक लाव," ठेकेदाराला म्हणाले. त्यानं नमुन्याचे ब्लॉक लावले. अठ्ठावीस बसले.

"झालं तर. एका पानाला अठ्ठावीस. असे तीनशे. वर तुटफूट आणि कडेची कापाकापी धर. आणि झाडाचं आळं यात नाही. तिथे कधी पान मांडलं नाही, तिथे ब्लॉकही नाही."

"अर्थातच काका, आळं तर सोडायचंच," विनय म्हणाला.

लोक वाहवा म्हणाले. ठेकेदार म्हणाला, "दादाजी, आप तो इंजीनियर निकले." रामरावांना ते आवडलं. घरी जाताना त्यांनी मनातल्या मनात ते शकुला सांगितलंही.

ट्रॉल्या आल्या. ब्लॉकचा रंग गुलाबी आणि पिवळा, म्हणजे शिळ्या इमरतीवर आदल्या दिवसाचा श्रीखंडाचा हात पुसावा तसा. गिट्टीचा चुरा पसरून मजुरांनी ते ठोकत ठोकत बसवले. काम संपलं, कोपरान् कोपरा भरला, आळ्याची माती तेवढी उघडी राहिली. आणि भिंतीला टेकून ब्लॉकचा हा एवढा ढीग शिल्लक होता.

"ले जाता हूँ," ठेकेदार म्हणाला. "माल अच्छा है, कहीं और लग जाएगा."

आलोकभैया त्या दिवशी पाहायला आले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दान दिलेलं परत नेत नसतात. आमच्या घराण्यात चालत नाही. देवाच्या नावानं आलं ते देवाच्याच अंगणात लागलं पाहिजे."

विनयनं चारी बाजूंना पाहिलं आणि त्याची नजर आळ्यावर थांबली. रामरावांना ती नजर कळली. कसायाची असते तशी.

"नाही," ते म्हणाले.

"काका, वाया घालवायचे का मग?"

"झाडाले पाणी कुठून जाईल?"

"एवढं मोठं झाड आहे, ते कुठूनही पिऊन घेतं. आणि खरं सांगू का काका? अंदाज कोणाचा होता? जास्तीचा माल तुमच्याच सांगण्यानं आला ना?"

सगळ्यांसमोर म्हणाला. सुहासिनीबाईंनी पदराआड तोंड लपवलं. त्या हसल्या की त्यांना वाईट वाटलं हे रामरावांना कळलं नाही. ते चप्पल घालून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळं नव्हतं. ब्लॉक थेट खोडापर्यंत नेले होते, आणि खोडाला लागून जिथे ब्लॉक बसेना तिथे सिमेंट थापलं होतं. थापताना कोणी मजुरानं गुटख्याची पिंक टाकली होती, ती सिमेंटमध्येच वाळली होती. रामरावांनी सवयीनं बादली भरून आणली होती. उभी ठेवावी की ओतावी त्यांना कळेना. शेवटी ओतली.

पाणी थांबलं नाही. गुलाबी ब्लॉकवरून सळसळत त्यांच्या पायांमधून गेलं, एक फुटकं उंबर बरोबर घेतलं, फाटकाखालून गल्लीत गेलं आणि नालीत पडलं. नालीतल्या काळ्या लगद्यात ते मिसळताना रामरावांनी पाहिलं. शकुच्या नावाची बादली.

पुढच्या सकाळी त्यांनी तांब्यानं घातलं, थेंबाथेंबानं. ते ब्लॉकांच्या फटीत शिरेल असं वाटलं. फटीत चुरा भरून दगड झाला होता. तेही गेलं नालीत.

आणि गंमत अशी की घाण कमी झाली नाही, वाढली. मातीत पडलेलं उंबर दोन दिवसांत मातीचं होऊन जायचं. तापलेल्या ब्लॉकवर पडलेलं उंबर शिजायचं, चिकटायचं, त्याचा काळा गोंद व्हायचा. झाडू फिरवला की तो गोंद अंगणभर पसरे. माशा घोंघावत. देवाच्या आरतीत तोंड उघडायची सोय राहिली नाही.

"छी, हे तर पहिल्यापेक्षा वाईट!" सुहासिनीबाई चवड्यांवर उभ्या राहून म्हणाल्या.

"मी बोललोय आलोकभैयाशी," विनय म्हणाला. "गुरुवारी लोकार्पण आहे. त्याच्या आधी झाडच उतरवून घेऊ. खोड ठेवू पूजेपुरतं. त्याला छान ग्रॅनाइट लावू."

"दत्ताचा उंबर तोडणार?" रामराव म्हणाले.

"तोडणार कोण म्हणालं, काका? ट्रिम करणार."

रामरावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी कोरलेली, कपाळाला अष्टगंध, दातात वेलची. या तोंडावर थुंकलं तर थुंकीच बाटेल, असं त्यांना वाटलं. पण भांडायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं. अंदाज त्यांचा होता.

तो अंदाज चुकला कसा, हे त्यांना खात होतं. तीनशे पानं बसायची, यात शंका नव्हती. कितीदा बसवली होती. दुपारी देवळात चिटपाखरू नसताना ते अंगणात गेले आणि मनातल्या मनात पंगत मांडू लागले. ओट्याखाली फॅक्टरीतले म्हातारे. त्यांच्यासमोर रेल्वेवाले. विहिरीकडे सिहोऱ्याहून येणारे पाहुणे. मग पोरं, मग बायका. एकेक ओळ ते पावलांनी चालत गेले. झाडाला वळसा घातला. फाटकापाशी आले तेव्हा अंगण संपलं होतं आणि मनातली माणसं अजून उभी होती. पत्रावळी हातात घेऊन, रामराव कुठे बसवतील याची वाट बघत.

मग त्यांना दिसलं. शेवटच्या ओळी अंगणात नसतच. त्या फाटकाबाहेर गल्लीत बसत. तेव्हा गल्ली शेणानं सारवून, रांगोळी घालून अंगणासारखीच करत. ती आपली नाही, नगर निगमची आहे, हे कोणाच्या मनात येत नसे. राबणाऱ्या बायका सगळ्यात शेवटी तिथे जेवायला बसायच्या. शकु भिंतीच्या कडेला बसायची. रामराव तिला मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "वहिनी, भात?" आणि ती म्हणायची, "अजी, लाज आणा जरा."

त्यांनी शकुच्या पानाचेसुद्धा ब्लॉक मागवले होते.

रामराव फाटकाबाहेर डोकावले. गल्लीत नालीचा चिखल वर आला होता, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, बफेच्या ताटल्या, कोणाची तरी फाटकी चप्पल. विनयची मोटरसायकल त्याच जागी स्टँडवर उभी होती जिथे पूर्वी शकुचं पान असे. रामरावांना आधी लोकांची किळस आली, मग स्वतःची. इतकी वर्षं याच फाटकातून येऊन-जाऊन डोळ्यांना गल्ली दिसली नाही. डोक्यात जुनी सारवलेलीच राहिली.

गुरुवारी सूर्य उगवायच्या सुमाराला ते लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन देवळात आले. आधी खोडाजवळचं सिमेंट फोडलं. मग सब्बलचं टोक फटीत घालून पहिला ब्लॉक उचकटला. पहिलाच जड गेला, दात निघावा तसा. त्याच्या शेजारचे सोपे निघाले. निघाले तसे ते गल्लीत नेऊन भिंतीला लावून ठेवत. कंबर धरली, श्वास फुलला, तरी एका पानापुरती माती उघडी झालीच.

तेवढ्यात विनय आला. मागून सुहासिनीबाई आणि कमिटीची दोन-चार माणसं.

"काका! हे काय करून राहिले तुम्ही? डोकं फिरलं का?"

"अंदाज चुकला होता," रामराव म्हणाले. "दुरुस्त करून राहिलो."

"अहो, तासाभरात लोकार्पण आहे! झाडवाला पण येऊन राहिला. आणि हे दानाचे ब्लॉक आहेत, यांना हात लावायचा तुम्हाला हक्क काय?"

"दान जिथलं तिथे लावतो. हे आळ्यासाठी आलेच नव्हते." रामरावांनी सब्बल टेकवून दम घेतला. "शेवटच्या ओळी कुठे बसायच्या, बाई? तुम्ही सांगा. तुम्ही वाढायला असायच्या."

सुहासिनीबाई नाकावरचा पदर काढून फाटकाकडे वळल्या. "गल्लीत," त्या म्हणाल्या. "हो की. गल्लीत बसायच्या. मी स्वतः शकुवहिनींच्या शेजारी बसलेली आहे."

"ती माणसं मी मोजली. त्यांच्या बुडाखालचे हे ब्लॉक आहेत. तुम्ही त्यांना उठवून झाडाच्या उरावर बसवलं."

"गल्ली आपली नाही, काका," विनय ओरडला. "उद्या निगमवाले येऊन उखडून टाकतील. कोण जबाबदार? आणि आलोकभैयाला काय सांगू मी? तुमचं दान नालीकाठी लावलं म्हणून?"

आलोकभैया फाटकातच उभे होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून, चिखल चुकवत आले होते. मागे त्यांचा माणूस ग्रॅनाइटची पाटी छातीशी धरून उभा होता. त्यावर आलोकभैयांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि दत्ताचं त्याच्याखाली, लहान. रामरावांनी सब्बल घट्ट धरली. आता काय वाट्टेल ते होवो, आळ्यातून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

आलोकभैयांनी उचकटलेली माती पाहिली. मग मागे वळून गल्ली पाहिली. गल्लीतून दूधवाला गेला, दोन बायका भाजीची पिशवी घेऊन गेल्या, एक ऑटो अडकून हॉर्न वाजवू लागला.

"इथून बरेच लोक जातात का?" त्यांनी विचारलं.

"सारी वस्ती जाते," रामराव म्हणाले.

"आणि अंगणात?"

"अंगणात देव जाणे. गुरुवारी दहा-बारा टाळकी."

आलोकभैयांनी पाटीकडे पाहिलं. "मग गल्लीतच लावा ना. पाटी फाटकाच्या बाहेरून लावा, रस्त्याकडे तोंड करून. काय विनय?"

"मी तेच म्हणून राहिलो होतो, भैया," विनय म्हणाला. "गल्ली कशी, एकदम फ्रंट पडते. निगमचं मी पाहतो, आपला माणूस आहे तिथे. आणि ते झाड राहू द्या, फोटोत चांगलं येतं."

रामरावांना वाटलं, आपण जिंकलो. मग वाटलं, आपण हातात विष्ठा धरून जिंकलो. उंबरासाठी कोणी काही केलं नव्हतं. शकुसाठी नव्हतं, देवासाठीही नव्हतं. एका माणसाचं नाव ऑटोवाल्यांना वाचता यावं म्हणून झाड वाचलं होतं. आलोकभैयांनी त्यांचा मातीचा हात आपल्या हातात घेतला, एक ब्लॉक दोघांत धरला आणि कोणीतरी फोटो काढला. फोटो झाल्याबरोबर आलोकभैयांनी रुमालानं हात पुसला आणि रुमाल चिखलात टाकून दिला.

आळ्यातले उरलेले ब्लॉक मजुरांनी दुपारपर्यंत काढले. चिखल उपसून, चुरा टाकून गल्लीत बसवले. विनयची मोटरसायकल तेवढा वेळ दुसरीकडे गेली आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली, आता गुलाबी ब्लॉकवर.

लोक पांगले तसे रामराव विहिरीकडे गेले. बादली भरून आणून आळ्यात ओतली. माती इतके दिवस दबून दगडासारखी झाली होती. पाणी वर उभं राहिलं, त्यावर गिट्टीचा चुरा तरंगला. रामराव वाट पाहत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग खोडाजवळ एक बुडबुडा फुटला, मग दुसरा, आणि पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं. आजची हकीगत शकुला सांगावी की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी सांगितली, पण फोटोचं गाळलं.

सुहासिनीबाई मागे उभ्या होत्या. पर्समधून बाटली काढून त्यांनी पुढे केली. "घ्या. हात पाहा कसे झाले. गुटख्याचं काय काय लागलं असेल त्यात."

एवढ्यात एक पिकलं उंबर ओल्या मातीत पडलं आणि उकललं. रामरावांनी ते उचललं, दोन बोटांनी फाकवलं, फुंकर मारून चिलटं उडवली आणि तोंडात टाकलं.

"शी! शी! रामराव!" सुहासिनीबाईंनी पदर थेट डोळ्यांवर घेतला.

उंबर म्हणावं तितकं गोड नव्हतं. दातांखाली काहीतरी कचकचलंही. तरी रामरावांनी बाईंकडे पाहत ते शेवटपर्यंत चावून खाल्लं.